एका कार्डावर चार घरं

सप्टेंबर २०२१ मध्ये मराठवाड्यात पावसानं कहर केला, तेव्हा आमच्या घराची मागची भिंत बसली. जुन्या जालन्यात गांधी चमनपासून आतल्या बोळात आमचं घर. पांढऱ्या मातीच्या अडीच फुटी भिंती, वर सागाच्या सरांवर माळवद, मध्ये लहानसा चौक आणि मागे आड. भिंत रात्री पडली. त्या खोलीत ज्वारीची पोती होती, माणूस कुणी नव्हतं, एवढंच बरं.

घरात आम्ही तेरा माणसं. थोरले भाऊजी, आम्ही, धाकटे भाऊजी आणि माझी नणंद, आक्का. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या माहेरीच असतात. चुली वेगळ्या, दार एकच. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. कागदांची सवय म्हणून या सगळ्या कामाची फाईल माझ्याकडे आली. आमच्यासारखी एका प्लॉटवर तीन-चार बिऱ्हाडं गावात पुष्कळ आहेत, म्हणून घडलं तसं सांगते.

पहिला विचार विकण्याचाच होता. घर विकायचं आणि तिघांनी अंबड रोडकडे, मंठा रोडकडे प्लॉट घ्यायचे. पण बोळातल्या जागेला भाव येतो तो एका गिऱ्हाइकाचा. त्याचे चार वाटे केले की एकाच्याही पैशात प्लॉट आणि बांधकाम दोन्ही होत नव्हतं. शिवाय थोरल्या भाऊजींचं दुकान इथंच, मुलांच्या शाळा इथंच. मग ठरलं, याच जागेवर चार स्वतंत्र घरं बांधायची. प्रत्येकाचं दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, मीटर वेगळं.

आर्किटेक्ट म्हणाले, नियमांची काळजी करू नका. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबई आणि काही भाग सोडले तर सगळीकडे तीच. त्याआधी गावागणिक नियम वेगळे होते. आमचा भाग विकास आराखड्यात दाट वस्तीत येतो. तिथं बोळ नऊ मीटरपेक्षा अरुंद असला तरी प्लॉटच्या दीडपट चटई क्षेत्र मिळतं. जिना, बाल्कनी यांसारख्या गोष्टींसाठी अधिमूल्य भरून आणखी थोडं. लहान प्लॉटांची परवानगीची पद्धतही सोपी केली आहे. जागा मोजल्यावर १६० चौरस मीटर भरली, म्हणजे साधारण २४० चौरस मीटर बांधता येणार होतं. चार मध्यम घरं त्यात बसतात. आम्ही खूश झालो. नकाशा काढायला सांगितला. आर्किटेक्ट म्हणाले, "आधी पीआर कार्डाची, म्हणजे मिळकत पत्रिकेची, नवी नक्कल आणा."

नक्कल आणली. त्यावर नाव होतं आजेसासऱ्यांचं.

सासरे २०१९ मध्ये वारले. त्यांचंच नाव कमी करून मुलांची नावं लावायची असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. पण सासऱ्यांचं नाव त्यावर कधी लागलंच नव्हतं. १९७८ च्या सुमारास सासरे आणि चुलत सासरे यांनी तोंडी वाटणी केली. सासऱ्यांना घर, चुलत सासऱ्यांना परतूरकडची शेती. चार माणसांसमोर झालं, पान-सुपारी झाली, कागद झाला नाही. घरपट्टी सासऱ्यांच्या नावानं येत होती, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे मी पतसंस्थेत लोकांना सांगत असते. स्वतःच्या घराचं कार्ड मागवून बघायचं मला सुचलं नव्हतं, कारण सून म्हणून ते माझं काम आहे असं कधी वाटलंच नाही.

म्हणजे कायद्यानं घरावर चुलत सासऱ्यांच्या वारसांचाही हक्क होता. एक चुलत दीर परतूरला, चुलत नणंद पुण्याला आणि सगळ्यात धाकटे अमेरिकेत मिनीआपोलिसला. तिघांनी आमच्या बाजूनं हक्कसोडपत्र नोंदवून दिल्याशिवाय एक वीटही हलणार नव्हती. आमच्या आधी तेच अडलेले निघाले, हे आमचं नशीब. शेतीच्या सातबाऱ्यावर सासऱ्यांचंही नाव होतं. त्यांना विहिरीसाठी कर्ज काढायचं होतं आणि आमच्या सह्या हव्या होत्या. दोन्हीकडची गरज सारखी म्हणून बोलणं गोडीत झालं. एका बाजूचंच काम असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

पुण्याच्या नणंदबाई मात्र म्हणाल्या, "मी सही करते, पण माझ्या वाट्याचं काय ते आधी सांगा." आमच्याकडच्या काहीजणांना ते लागलं. मला नाही लागलं. १९७८ च्या त्या बैठकीत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या भावांनी शेतीतून त्यांचं समाधान केलं, तेव्हा त्यांनी सही केली.

अमेरिकेतल्या दिरांना येणं शक्य नव्हतं. त्यांनी मुखत्यारपत्र केलं, ते शिकागोच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन टपालानं आलं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. कपाटात ठेवून दिलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. फोनवर ते हसत म्हणाले, "वहिनी, आमच्या शहरात एका प्लॉटवर तीन घरं बांधायला परवानगी द्यावी की नाही, यावरून केवढं रण माजलं होतं." त्यांच्याकडे बहुतेक वस्त्यांत एका प्लॉटवर एकच घर असा नियम होता. २०१८ मध्ये नगरपरिषदेनं तो बदलायचा ठराव केला, २०२० पासून तीन घरांना परवानगी मिळाली. पण परवानगी मिळाली म्हणून लगेच घरं उभी राहिली नाहीत, असंही ते म्हणाले. ते मला पटलं. आमच्याकडेही नियम केव्हाच तयार होता, अडकलो होतो आम्ही.

हक्कसोडपत्रं, वारस नोंद आणि कार्डावर चार नावं यात २०२३ उजाडलं. त्याच वर्षी जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. तोवर भूमी अभिलेखची मोजणीही करून घेतली. जुन्या खरेदीखतात १,८५० चौरस फूट लिहिलेलं, प्रत्यक्षात भरलं १,७२०. बाकीचं बोळात आणि शेजारच्या भिंतीत गेलेलं. धाकटे भाऊजी म्हणाले, भांडू. आर्किटेक्ट म्हणाले, भांडा, पण मग घर बांधू नका. आम्ही १,७२० धरलं. त्यातही बोळ बारा फुटांचा असल्यानं मधल्या रेषेपासून सव्वादोन मीटर सोडून बांधावं लागलं. पुढची दीड फुटाची पट्टी अशी गेली.

आता आक्कांचं. कार्डावर मुलगी म्हणून त्यांचं नाव लागलं, तेव्हा थोरले भाऊजी त्यांना म्हणाले, "तू हक्कसोड दे, आम्ही तुला सांभाळतोच आहोत की." त्यात वाईट हेतू नव्हता, आजवर तसंच चालत आलं होतं. आक्का दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैसे नको मला. एक खोली आणि स्वयंपाकघर द्या. पण दार माझं वेगळं असू द्या." त्यामुळे नकाशातलं चौथं घर कायम राहिलं. तळमजल्यावर थोरले, कारण जाऊबाईंचे गुडघे. शेजारी गाड्या. पहिल्या मजल्यावर आम्ही आणि आक्का. दुसऱ्यावर धाकटे, त्यांच्या पुढे अर्धी गच्ची मोकळी.

परवानगी सगळ्यात सहज मिळाली. त्यापेक्षा कितीतरी वेळ घरातल्या बोलण्यांत गेला. जिन्याचा खर्च कुणी द्यायचा? थोरले म्हणाले, मी जिना वापरणारच नाही. गच्ची कुणाची? धाकटे धरून चालले होते की वर आपण, म्हणजे गच्ची आपली. उद्या नियम बदलले आणि आणखी एक मजला मिळाला तर तो कुणाचा? मोटारीचं बिल, टाकी धुणं, जिन्यातला दिवा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण याच गोष्टींवरून भाऊ कोर्टात गेलेले मी कामावर पाहिले आहेत.

मी एका वकिलीणबाईंना विचारायला गेले. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. अपार्टमेंटच्या १९७० च्या कायद्याखाली घोषणापत्र करायचं तर इमारतीत किमान पाच घरं लागतात. गृहनिर्माण संस्था करायची तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरही किमान पाच सभासद लागतात. महारेरा तर आठ घरांपर्यंत किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला लागूच नाही. म्हणजे आमची चार घरं कशातच बसत नाहीत. मोठ्या इमारतीत जे नियम आपोआप मिळतात ते आम्हाला स्वतःच लिहून काढावे लागणार होते.

मग नोंदणीकृत वाटणीपत्र केलं. जमीन चौघांची अविभक्त, प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला. कुठलं घर कुणाचं, नकाशासह. पाया, कॉलम, स्लॅब, जिना, हौद, सेप्टिक टँक यांचा खर्च घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. फरशी, रंग, दारं-खिडक्या ज्याच्या त्याच्या. गच्ची सामाईक, पुढे मजला मिळाला तर तो चौघांचा. विकायचं झालं तर आधी घरातल्यांना विचारायचं, त्यांनी लेखी नकार दिल्यावरच बाहेर. मुद्रांक शुल्क लागतं, ते आधी विचारून पैसे बाजूला ठेवा. गच्चीच्या कलमावर धाकटे भाऊजी आठवडाभर रुसले होते. पण सही केली.

२०२४ च्या जानेवारीत घर उतरवायला घेतलं. तिघांनी तीन ठिकाणी भाड्याच्या खोल्या घेतल्या. आक्का आमच्याकडे. सागाची लाकडं विकली गेली. पांढरी माती शेतात टाकायला शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले, त्यामुळे ती उचलायचा खर्च वाचला.

पहिली अडचण शेजारच्या काकांची. आमची आणि त्यांची भिंत एकच, आणि त्यांच्या माळवदाचे सर आमच्या बाजूनं आत घुसलेले. काका दारात उभे राहून म्हणाले, "तुमची भिंत पाडली की माझं घर खाली." खरंच होतं ते. इंजिनिअर आले. सामाईक भिंतीला हात लावायचा नाही, आमचे कॉलम एक फूट आत घ्यायचे, त्यांच्या सरांखाली लोखंडी टेकू देऊन विटांचे खांब बांधायचे, असं ठरलं. खर्च आम्ही केला. त्याआधी त्यांच्या घराच्या सगळ्या भेगांचे फोटो काढले आणि दोघांच्या सह्यांनी स्टँपपेपरवर लिहून ठेवलं. पावसाळ्यात त्यांच्या भिंतीला भेग दिसली तेव्हा वाद उठला, पण ती भेग फोटोत आधीपासून होती. विषय तिथंच थांबला.

दुसरी अडचण जमिनीखालची. बोळात जेसीबी येत नाही, त्यामुळे खड्डे माणसं खणत होती. सगळीकडे सहा-सात फुटांवर मुरूम लागला. जुन्या ओसरीखाली मात्र पहार एकदम आत गेली. खाली पेव निघालं. ज्वारी साठवायचं जुनं पेव, तोंडावर शिळा, वर फरशी. आजेसासऱ्यांच्या काळातलं असावं, कुणाच्या आठवणीत नव्हतं. एक तरणा पोरगा लगेच आत उतरायला निघाला, म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्याची बखोट धरली. बंद पेवात हवा कोंडून विषारी झालेली असते, त्यात माणसं गुदमरून मेल्याची उदाहरणं आहेत. तोंड मोठं करून ते उघडं ठेवलं, दुसऱ्या दिवशी कंदील सोडून बघितला, मगच माणूस उतरला.

गुत्तेदार म्हणाला, माती भरून ठोकून घेऊ. इंजिनिअरनं ठाम नाही म्हटलं. भरलेली माती पावसात बसते आणि वरचा कॉलम तिच्याबरोबर बसतो. आतली भुसभुशीत माती मुरमापर्यंत काढून काँक्रीटनं भरून घ्यावं लागलं. ७०,००० रुपये एका भोकात गेले. त्या रात्री आमचे हे जेवले नाहीत. तुमचं घर जुनं असेल तर पाया खणण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पेव, आड, जुना शोषखड्डा यांबद्दल विचारा आणि अंदाजपत्रकात त्यासाठी पैसे ठेवा.

आड आम्ही बुजवला नाही. झाकण घालून गच्चीचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडलं. आड मागे असल्यानं सेप्टिक टँक पुढे, गाड्यांच्या खाली घ्यावा लागला. चार घरांच्या माणसांचा हिशेब धरून तो मोठा केला. जागेअभावी लहान करू, असं गुत्तेदार म्हणत होता. ऐकू नका. घर चारपट होतं तसं सांडपाणीही होतं.

सामान आमचं, मजुरी गुत्तेदाराची, असा करार होता. जालना सळईचं गाव, एमआयडीसीत रोलिंग मिल आहेत, म्हणून सळई स्वस्त पडेल असं नातेवाइकांना वाटायचं. गाडीभाडं वाचतं, बाकी भाव तोच, रोज बदलणारा.

पावसाळ्याआधी दुसरा स्लॅब पडला आणि धाकट्या भाऊजींचे पैसे संपले. त्यांच्या वाट्याचं थांबलं की वरचा स्लॅब थांबतो, आणि वरचा स्लॅब थांबला की खालच्यांची गळती सुरू होते. एका प्लॉटवर चौघांचं बांधकाम म्हणजे चार बैलांची गाडी, एक बसला की सगळी थांबते. तिघांची भाडी चालूच. त्या दिवसांत घरात फार बोललो नाही आम्ही. भाड्याच्या घरी जाऊबाईंशी रोजची कुरबूर नव्हती. त्या कुरबुरीची आठवण यायची, हे मी कुणाला सांगितलं नाही.

अनुदानाचंही सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठंही पक्कं घर नको. आक्का त्यात बसत होत्या. पण जागेवर नाव हवं. कार्डावर आजेसासरे होते तोवर त्या अर्जच करू शकत नव्हत्या. नाव लागेपर्यंत पहिल्या टप्प्याच्या मंजुऱ्या संपलेल्या. दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर स्लॅब पडून गेला होता. आक्का एवढंच म्हणाल्या, "राहू दे."

धाकट्या भाऊजींना कर्जाचा रस्ता निघाला. सामाईक प्लॉट असला की बँक सगळ्या मालकांना सही करायला लावते, आणि तिथं दुसऱ्याच्या कर्जात कोण अडकेल म्हणून सगळे मागे सरतात. वाटणीपत्रात त्यांचा हिस्सा आणि घर वेगळं लिहिलेलं होतं, म्हणून बँकेनं आमच्याकडून फक्त संमतीपत्रं घेतली, कर्जदार एकटे तेच. ते कागद आधी झाले नसते तर इमारत अर्धीच राहिली असती. कर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. नव्या टप्प्यात १ सप्टेंबर २०२४ नंतरच्या, २५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान आहे, पाच वार्षिक हप्त्यांत. घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. त्यांनी अर्ज दिला आहे. मंजूर झालं तर ठीक, तो धरून हिशेब केलेला नाही.

२०२५ च्या अक्षय तृतीयेला राहायला आलो. विजेचे चार मीटर चौघांच्या नावानं आणि पाचवं सामाईक, मोटार आणि जिन्यातल्या दिव्यासाठी. पाचवं मीटर घ्यायचा कंटाळा करू नका. मोटार कुणा एकाच्या मीटरवर जोडली की भांडण ठरलेलं. पाण्यासाठी खाली एक मोठा हौद, कारण जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही, दोन पाळ्यांत अनेक दिवसांचा खंड असतो. वर मात्र चार टाक्या वेगळ्या, प्रत्येकीला वेगळा कॉक. प्लंबर एकच मोठी टाकी सुचवत होता, पाइप कमी लागतो म्हणून. टाकी वेगळी असली की कोण जास्त वापरतं हे कुणी कुणाला म्हणत नाही. टँकर घ्यावा लागला तर पैसे माणशी, घरटी नाही. आक्का एकट्या आहेत, त्यांनी सहा माणसांच्या घराइतके का द्यावेत? हे वाटणीपत्रात लिहायचं राहिलं होतं. थोरल्या भाऊजींनीच ते सुचवलं आणि जिन्यातल्या भिंतीवर कागद चिकटवला.

घरपट्टीची आकारणी चौघांची वेगळी करायला दिली आहे. जिन्याचा खर्च थोरल्यांनी करारानुसार दिला, तरी अधूनमधून बोलून दाखवतात. पापड वाळवायला मात्र जाऊबाई गुडघे धरत गच्चीवरच येतात.

मागच्या महिन्यात शेजारचे काका आमचा नकाशा बघायला आले. त्यांना तीन मुलगे, घर आमच्याएवढंच, माळवद गळतंय. आर्किटेक्टचा नंबर मागत होते. मी म्हटलं, काका, नंबर देते, पण आधी कार्डाची नक्कल काढा. त्यांनी काढली. आजोबांचंच नाव निघालं. आता ते बीडच्या आत्याकडे बोलायला जाणार आहेत.